टीव्हीच्या रेघा मोजून मारा

मा. संपादक,

जुन्या दूरदर्शनवरील लेखांसोबतच्या छायाचित्रांवर, जुन्या टीव्हीचा भास व्हावा म्हणून, हल्ली जाड काळ्या आडव्या रेघा मारलेल्या असतात. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले तेव्हा चित्र असे दिसत नसे. आपले प्रक्षेपण तेव्हा ६२५ आडव्या ओळींचे होते, त्यांपैकी ५७६ ओळींत चित्र. सेकंदाला ५० वेळा, एकदा विषम तर एकदा सम ओळी उमटत, त्यामुळे ओळींमधल्या फटी भरून निघत. ठळक काळ्या फटी दिसत त्या घरगुती व्हिडिओ गेममध्ये, कारण ते यंत्र प्रत्येक वेळी त्याच ओळींवर चित्र काढी आणि मधल्या ओळी रिकाम्याच राहत. बातम्यांच्या निवेदिकेवर गेमच्या रेघा मारणे ही सरळ चूक आहे.

खऱ्या टीव्हीसारख्या रेघा उमटवण्याचे काम इमेजमॅजिक या मोफत कमांडलाइन (आज्ञा टाइप करून चालवायच्या) साधनाने नीट होते. चित्र चारास तीन या प्रमाणात कापून ७६८ बाय ५७६ पिक्सेलवर आणा. प्रसंग १९८२ पूर्वीचा असेल तर रंग काढून टाका. मग ‘सॅम्पल’ या आज्ञेने, म्हणजे पिक्सेल जसेच्या तसे ठेवून, तिप्पट करा. येथे ‘रिसाइझ’ ही आज्ञा वापरली की ओळींच्या कडा एकमेकींत मिसळतात. आता १ पिक्सेल रुंद, ३ पिक्सेल उंच पट्टी घ्या: दोन पिक्सेल पांढरे, एक ‘ग्रे७०’, म्हणजे फिकट राखाडी. ती ‘टाइल’ करून, म्हणजे पुन्हा पुन्हा मांडून, चित्रभर पसरा आणि ‘मल्टिप्लाय’ने, म्हणजे राखाडीखालचे चित्र तेवढे गडद होईल अशा रीतीने, चढवा. राखाडीऐवजी काळा घेतला तर एक तृतीयांश उजेडच जातो.

फाइल पीएनजी या प्रकारातच ठेवा, जेपेग प्रकारात बारीक रेघांभोवती डाग येतात. आणि यानंतर आकार मुळीच बदलू नका. पाने लावताना चित्र जरा लहान केले, की रेघा पिक्सेलशी जुळत नाहीत आणि लाटांसारखे पट्टे उमटतात. बहुतेक चित्रे इथेच बिघडतात.

छपाईची अडचण वेगळी. ९ सेंटिमीटर उंचीत ५७६ ओळी म्हणजे सेंटिमीटरला ६४. वर्तमानपत्राच्या छपाईत सेंटिमीटरला साधारण ३३ ते ४० ठिपक्यांची जाळी असते, तीत या ओळी मावणारच नाहीत. एका ओळीला निदान चार ठिपके हवेत, म्हणजे त्या उंचीत ७५ ते ९० ओळी. तेव्हा पूर्ण पडदा न छापता नुसता चेहरा किंवा डोळे मोठे करून छापावेत. तेवढ्या भागात खऱ्या टीव्हीवरही इतक्याच ओळी येत.

– एक वाचक