उस्ताद, तुम्ही माझे बूट धरून ओढलंत, त्याबद्दल

आदरणीय उस्ताद,
स. न.

तुमच्या हाताखालून शेकडो कॅडेट गेले असतील, मी आठवणार नाही. पण शेजाऱ्याच्या टार्गेटवर सहावं भोक पाडणारा म्हटलं तर कदाचित आठवेन.

एनसीसीचा कॅम्प, पॉइंट टू टू रायफल, 25 यार्ड, ग्रुपिंगच्या, म्हणजे जमेल तितक्या जवळजवळ मारायच्या, पाच गोळ्या. तुम्ही ओरडलात, "दुरुस्त शिस्त लो!" फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम, हे आम्हा मराठी पोरांना कुठलं ठाऊक? शिस्त म्हटल्यावर मी झोपल्याझोपल्या आणखी ताठ झालो. दात आवळले, खांदे आवळले. चार गोळ्या माझ्या कागदाच्या उजव्या कडेला गेल्या आणि पाचवी थेट शेजाऱ्याकडे. त्या रायफलला धक्का असा नसतोच, त्यामुळे दोष तिच्यावरही ढकलता येईना.

तुम्ही शिवी दिली नाहीत (त्या दिवशी इतरांना भरपूर दिल्यात). रायफल रिकामी करून घेतलीत आणि म्हणालात, "आता नेम धर. डोळे मीट. दोन श्वास घे. उघड." उघडले तर टोक उजवीकडे सरकलेलं. मी ते हातानं डावीकडे आणायला गेलो, तर म्हणालात, "तिला नको ढकलू. तू सरक." आणि माझे दोन्ही बूट धरून मला चार बोटं उजवीकडे ओढलंत. डावं कोपर मात्र जागचं हलू दिलं नाहीत. पुन्हा डोळे मिटले, उघडले. टोक टार्गेटच्या मधोमध! मी काहीच केलं नव्हतं.

मग डावं कोपर रायफलच्या खाली आणायला लावलंत. कोपर बाहेर राहिलं की वजन स्नायूंवर येतं, आणि स्नायू थकला की थरथरतो. हाड थकत नाही. नेम वर-खाली जात असेल तर अंग पुढे-मागे सरकवायचं, हेही तेव्हाच शिकलो. पुढच्या पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या, असं लिहायला आवडलं असतं. तळहाताखाली झाकल्या. पण पाचही माझ्याच कागदावर.

पुढे क्लबात उजवा गुडघा वर दुमडायला शिकवलं, पोट जमिनीवरून सुटतं आणि छातीचे ठोके रायफलला कमी जाणवतात म्हणून. तुम्ही दोन्ही टाचा जमिनीला टेकवायला लावायचात. पद्धत बदलली, डोळे मिटून बघणं तेच राहिलं.

1 ऑगस्ट 2024 ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 451.4 गुणांनी ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं. गुडघ्यावर, झोपून, मग उभ्यानं. घरचे सगळे आकडे बघत होते. मी त्याचं कोपर कुठे टेकलंय ते बघत होतो. उभ्यानं मारतानाही डाव्या कोपराला कमरेच्या हाडाचा आधार, वजन पुन्हा हाडांवरच. तेव्हाच ठरवलं होतं, तुम्हाला लिहायचं. त्यालाही उशीर झालाच.

मुलगी आता एअर रायफल मारते, उभ्यानं, 10 मीटरवर. परवा ती हातानं टोक ओढत होती. मी रायफल खाली ठेवायला लावली आणि तिचा मागचा बूट धरून सरकवला. ती म्हणाली, "बाबा, सांगितलं असतं तरी कळलं असतं."

तुमचा,
एक कॅडेट