फिनलंडच्या बायकांना नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवारच्या पुरवणीत फिनलंडच्या घटत्या जन्मदरावरचा तो अर्ध्या पानाचा लेख वाचला. खरं तर वाचून सोडून द्यायचं ठरवलं होतं, पण आज सकाळी दूध तापवताना परत आठवला आणि परत डोकं तापलं, म्हणून लिहायला बसले. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात काय, तर सरकार रजा देतंय, पाळणाघर देतंय, बाळाच्या कपड्यांचं खोकं घरपोच देतंय, तरी तिथल्या बायकांना आई व्हायचं नाही, कारण त्यांना करिअर हवंय, फिरायला हवंय आणि मुलाऐवजी कुत्रं हवंय. कुत्र्याचा उल्लेख तर दोनदा आहे. नवऱ्यांचा एकदाही नाही.

महाशय तिकडे कधी जाऊन आलेत की नाही मला माहीत नाही. माझी मुलगी एस्पोला असते, हेलसिंकीला अगदी लागूनच आहे, आणि तिच्या बाळंतपणाला मी तिकडे जाऊन राहिले होते, तेव्हा दोन शब्द लिहायचा हक्क मला आहे असं समजते.

आधी एक बारीकशी गोष्ट. लेखात फिनलंडला 'चिमुकला देश' म्हटलंय. लोकसंख्या छप्पन लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कितीतरी कमी, इथपर्यंत मान्य. पण जरा नकाशा काढून बघा, क्षेत्रफळाने तो आपल्या अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे. पुरवणीतलं छापायच्या आधी कोणी बघत नाही का हल्ली?

आता आकडे. लेखातले आकडे चुकीचे नाहीत, सोयीचे तेवढे घेतलेत. २०२४ मध्ये तिथे एका बाईमागे १.२५ मूल, १७७६ पासून तिकडे नोंदी आहेत त्यात सगळ्यात कमी, हे दिलंय. पण २०१० साली हाच आकडा १.८७ होता हे का नाही दिलं? कारण ते दिलं की लेखच कोसळतो हो. २०१० मधल्या फिनलंडच्या बायका काय अडाणी होत्या? तेव्हाही शिकलेल्या होत्या, नोकऱ्या करत होत्या, कुत्रीही असतील. त्या वर्षी एकसष्ट हजाराच्या जवळपास मुलं जन्मली, २०२४ मध्ये ते चव्वेचाळीस हजाराच्या आत आलं. एवढ्या थोड्या वर्षांत एका देशातल्या सगळ्या बाया अचानक स्वार्थी झाल्या असं म्हणायचंय का?

आणि तिथले अभ्यासकच सांगतात की घट आहे ती मुख्यतः पहिल्या मुलाची. म्हणजे दोनवाल्यांनी तिसरं नको म्हटलं असा प्रकार नाही, पहिलंच होत नाहीये. जोडीदार उशिरा मिळतो, मिळाला तर एकत्र राहतात आणि मूल व्हायच्या आतच वेगळे होतात, नोकरीचा भरवसा नसतो. आणि मूल नसण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त कोणात आहे, तर कमी शिकलेल्या पुरुषांत! करिअरवाल्या बायका म्हणून ज्यांच्या नावाने तुमच्या लेखकाने बोटं मोडलीत त्यांच्यात नव्हे. त्या पुरुषांवर कोणी लेख लिहीत नाही. तिकडचे एक पुढारी, आंत्ती रिन्ने, पुढे पंतप्रधान पण झाले, ते २०१७ मध्ये असंच काहीतरी बोलून बसले होते की आता सगळ्यांनी मिळून बाळंतपणाची मोहीम काढायला पाहिजे, तेव्हा बायकांनी त्यांना असं काही धुतलं की बिचाऱ्यांना खुलासे करत बसावं लागलं. तुमचे लेखक तिकडे असते तर काय झालं असतं कोण जाणे.

खोक्याचं सांगते, कारण लेखात त्याची अगदी खैरात म्हणून टिंगल केलीय. ते खोकं १९३८ पासून आहे, आधी फक्त गरीब आयांना मिळायचं, १९४९ पासून सगळ्यांना. पण अट अशी की चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं, तरच मिळणार. त्या निमित्ताने बायका तपासणीला यायला लागल्या, बाळं वाचली. आमच्या नातीचं खोकं आलं तेव्हा मी स्वतः उघडलं. तळाला छोटी गादी, म्हणजे त्या खोक्यातच बाळाला झोपवायचं, मग झबली, टोपरी, बर्फातला जाडजूड सूट, नखं कापायची कात्री, आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर, आणि सगळ्यात खाली बघते तर निरोधची पाकिटं! मी आपली गडबडीने टोपऱ्यांखाली सरकवली, जावई समोरच उभे होते. मुलगी हसून हसून बेजार. तर सांगायचं काय, जे सरकार बाळाच्या खोक्यात निरोध घालतं ते बायकांच्या मागे मुलं जन्माला घाला म्हणून काठी घेऊन लागलेलं नाही. पोरं वाढवायला खोकं दिलंय, आमिष म्हणून नाही. आपल्याकडेही २०१९ मध्ये सरकारने पहिल्या बाळासाठी बेबी केअर किट काढलं होतंच की, ते घेतलं म्हणून कोणी दुसरं बाळ दिलं का सरकारला?

पैसे देऊन मुलं होतात का हेही तिथे करून झालंय. लेस्तियार्वी म्हणून एक खेडं आहे, हजारसुद्धा वस्ती नाही, २०१२ मध्ये अख्ख्या गावात एकच बाळ जन्मलं. मग पुढच्या वर्षापासून त्यांनी दर बाळामागे दहा हजार युरो जाहीर केले, दरवर्षी हजार असे दहा वर्षं, अट एवढीच की गाव सोडायचं नाही. थोडी जास्त बाळं झाली, नाही असं नाही, पण लोक गाव सोडून जायचे ते जातच राहिले आणि शेवटी योजना गुंडाळली.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. लेखात एक वाक्य आहे, 'लठ्ठ पगारी रजा घेऊन या माता वर्षभर मजेत घरी बसतात.' मजेत हा शब्द वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

माझी मुलगी तिथे एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होती. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की नवीन करायचे, आधी तसंच झालेलं, कामाबद्दल कधी एका शब्दाची तक्रार नाही. दिवस गेल्यावर तिने सरळपणे मॅनेजरला सांगितलं. तिकडे माणसं फार सभ्य, अभिनंदन केलं, कॉफी पाजली, केक पण आणला म्हणे. आणि नंतर कॉन्ट्रॅक्टची तारीख आली तेव्हा तेवढ्याच सभ्यपणे सांगितलं की प्रोजेक्टची दिशा बदललीय, सध्या तुझ्यासाठी काम दिसत नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता, त्याचीही बायको तेव्हाच गरोदर होती, त्याचं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढवलं. त्याच्या प्रोजेक्टची दिशा बदलली नव्हती वाटतं.

कायद्याने हे करता येत नाही. गरोदर आहे म्हणून कॉन्ट्रॅक्ट न वाढवणं हा तिथे भेदभाव धरतात, समानतेसाठी खास सरकारी अधिकारी आहे, त्याच्याकडे तक्रार करता येते, आणि अशा तक्रारी त्यांच्याकडे नेहमीच्याच आहेत. पण सिद्ध कसं करणार? प्रोजेक्टच बदललं म्हटल्यावर. मी म्हटलं कर तक्रार, मी आहे ना बाळाजवळ. ती म्हणाली, आई, हे शहर लहान आहे, उद्या दुसरीकडे नोकरी मागायला गेले की पहिला फोन यांनाच जाणार. गप्प बसली. मला मात्र अजून गप्प बसवत नाही.

तर संपादकसाहेब, रजेचे पैसे तिला मिळाले, अगदी आधीच्या कमाईवर हिशोब करून वेळच्या वेळी खात्यात आले, त्याबद्दल तिथल्या सरकारला नाव ठेवणार नाही. पण रजा संपल्यावर परत जायला नोकरी नव्हती. जावयांची नोकरी पक्की होती म्हणून निभावलं. याला मजेत घरी बसणं म्हणतात का?

आणि ही एकट्या माझ्या मुलीची गोष्ट असती तर लिहिलंही नसतं. नर्सिंगमध्ये आणि शाळेत नोकरी करणाऱ्या तिच्या फिनिश मैत्रिणी घरी यायच्या, त्यांच्यातल्याही निम्म्या कॉन्ट्रॅक्टवर. एक तर मला म्हणाली, म्हणजे मुलीने मला सांगितलं, की पक्की नोकरी लागेपर्यंत मूल नाही, आणि पक्की लागेपर्यंत मी चाळिशीची होईन. हसत सांगत होती. मी आजीच्या हौसेने माझ्या मुलीलाही विचारलं होतं, दुसऱ्याचं काय? तर म्हणाली नोकरी लागू दे आधी, तोपर्यंत हा विषय काढू नकोस. आता ती पण तुमच्या लेखकाच्या हिशोबात कुत्रेवाल्यांत जमा झाली असेल.

बाकी तिथलं चांगलं ते चांगलंच म्हणेन. बाबागाडी घेऊन बसमध्ये चढलं की आईचं तिकीट नाही. मधल्या दाराने चढायचं, ड्रायव्हर खटकन बस खाली झुकवतो, मागचे लोक थांबतात, कोणी 'काय बाई गर्दीच्या वेळी पोर घेऊन' म्हणत नाही. दवाखान्यातली नर्स बाळाचं वजन घेताना जावयांना पण विचारायची की तुमची झोप होते का, घरात कोण काय करतं. २०२२ च्या ऑगस्टपासून आई आणि बाप दोघांनाही रजा सारखीच, प्रत्येकी १६० कामाचे दिवस, त्यातले ६३ पर्यंत दुसऱ्याला देता येतात, बाकीचे बापाने घेतले नाहीत तर गेले. त्यामुळे बागेत बघाल तर निम्म्या बाबागाड्यांमागे दाढीवाले. आमच्या जावयांनी पण घेतली, आणि इथे सुट्टीत आले तेव्हा आमच्याच एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'काय हो, नोकरी गेली की काय?' हे झालं तुमच्या संस्कारी महाराष्ट्रातलं. एकच जमलं नाही मला, थंडीत बाळाला गाडीत घालून बाल्कनीत झोपवतात ते. बाहेर उणे सात आणि आत आम्ही चहा पितोय! मी दर पाच मिनिटांनी काचेला नाक लावून उभी. नात मात्र घरात झोपायची नाही इतकी बाहेर छान झोपायची.

लेखाच्या शेवटी लिहिलंय की आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे म्हणून आपल्याला ही चिंता नाही. असं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मधली, महाराष्ट्राचा एका बाईमागे मुलांचा आकडा १.७ आलाय. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. पोरं नाहीत म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग ओस पडल्याच्या बातम्या तर तुमच्याच पेपरात असतात, पान पाचवर, खालच्या कोपऱ्यात. तिथेही कुत्र्यांचाच दोष का? इथे तर सव्वीस आठवड्यांची रजा कायद्यात आहे पण ती बऱ्याच ठिकाणी मालकाच्या खिशातून, त्यामुळे मुलाखतीतच विचारतात, 'लग्न झालंय का, पुढचा काय विचार?' माझ्या भाचीला मागच्याच वर्षी विचारलं. घ्या, भक्कम व्यवस्था.

आणि जाता जाता, त्या लेखाच्या बरोबर खाली टेस्ट ट्यूब बेबी सेंटरची पाव पान जाहिरात होती, गोबऱ्या बाळाच्या फोटोसकट. हा योगायोग की पुरवणीचं नियोजन, तेवढं कळवलंत तर बरं होईल.

मागच्या खेपेस पाणीपट्टीवरचं माझं पत्र तुम्ही छापलंत त्याबद्दल आभार, पण मधला सगळा मजकूर काढून फक्त 'अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे' एवढंच ठेवलं होतं, जे मी लिहिलंच नव्हतं. या वेळी जागा कमी पडली तर आकडे कापा, बाल्कनी कापा, पण कॉन्ट्रॅक्टचा परिच्छेद कापू नका.

कळावे,
आपली एक जुनी वर्गणीदार,
कोथरूड, पुणे