नेल्सनची पत्रं वाचायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये, पण फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हा मार्ग. तुमची सगळी नोकरी बोटीवर गेली, माझा समुद्राशी संबंध पुस्तकापुरता, त्यामुळे ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल नेल्सनची खाजगी पत्रं वाचायला घेतल्यावर मी तुम्हाला सहज एक मेसेज टाकला, आणि उत्तरादाखल तुमच्या लांबच लांब व्हॉइस नोट यायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत.

लढायांची माहिती काय, कुठेही मिळते हो. नाईल 1798, कोपनहेगन 1801, ट्रॅफल्गर 1805, तोंडपाठ असतात लोकांना. पण तुम्ही पहिल्याच दिवशी जे विचारलंत ते मला कुठल्याच प्रस्तावनेत सापडलं नव्हतं: हे पत्र गेलं कोणाच्या हातून, आणि वाटेत कोण उघडू शकत होतं? बोटीवरून घरी पत्र लिहिणाऱ्या माणसालाच हा प्रश्न आधी सुचणार.

त्या एका प्रश्नाने 1801 ची पत्रं उलगडली. मी अडले होते त्या थॉम्पसनवर. नेल्सन त्याच्या प्रेयसीला, एमा हॅमिल्टनला लिहितोय, आणि मधेच हा कोण थॉम्पसन नावाचा खलाशी, त्याची बायको, त्याचं नवीन जन्मलेलं मूल? तुम्ही इतके हसलात फोनवर! मग सांगितलंत की जानेवारीच्या शेवटी होरेशियाचा, म्हणजे त्या दोघांच्या मुलीचा जन्म झालेला, एमाचा नवरा सर विल्यम त्याच घरात, आणि पत्रं साध्या टपालाने जाणार, म्हणून हे सोंग. नेल्सन म्हणे त्या थॉम्पसनचा फक्त निरोप्या. आणि गंमत म्हणजे प्रेमाच्या भरात त्याला स्वतःलाच भान राहत नाही, वाक्य सुरू होतं थॉम्पसनचं आणि संपतं नेल्सनचं. मग 1 मार्चचं पत्र मात्र विश्वासातला माणूस स्वतः घेऊन जाणार होता, तर तिथे थॉम्पसन गायब आणि सरळ ‘माझी बायको’ अशीच सुरुवात. हा फरक मला एकटीला दिसलाच नसता.

तो तिला परोपरीने सांगत होता की माझी पत्रं जाळ, तिची तो स्वतः जाळत होता. तिने ऐकलं नाही म्हणून आज आपल्याला त्याचा आवाज ऐकू येतो आणि तिचा जवळजवळ नाहीच. 1814 मध्ये त्यातली बरीच पत्रं छापून बाहेर आली तेव्हा एमा कर्जात बुडालेली, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत ती फ्रान्सला, कॅलेमध्ये वारली.

पण काका, खरे आभार फॅनीसाठी, नेल्सनच्या लग्नाच्या बायकोसाठी. मी एमा आणि नेल्सनच्या प्रेमकहाणीत पार वाहून गेले होते, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “आधी जरा फॅनीच्या बाजूला जाऊन बस, मग बोल.” कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर 1787 मध्ये त्याने जिच्याशी लग्न केलं ती विधवा, पदरी एक मुलगा, जोसाया. डिसेंबर 1801 मध्ये तिने नेल्सनला लिहिलं की झालं गेलं विसरून एकत्र राहूया, आणि ते पत्र परत आलं, त्यावर नेल्सनच्या एजंटचा, डेव्हिसनचा शेरा, की हे चुकून उघडलं गेलं पण वाचलेलं नाही. मला तो शेरा अजून पचत नाही. भांडून चार शब्द लिहिले असते तरी चाललं असतं.

आणि त्याच जोसायाची आठवण तुम्ही करून दिलीत, स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या हल्ल्याच्या वेळच्या त्या दोन पत्रांनी. 24 जुलै 1797 चं पत्र उजव्या हाताने लिहिलेलं, त्यात वरिष्ठ जर्व्हिसला विनंती की माझं काही झालं तर जोसायाकडे लक्ष असू द्या. त्याच रात्री हल्ल्यात नेल्सनचा उजवा हात गेला, आणि जोसायानेच दंड आवळून बांधून रक्त थांबवलं. 27 तारखेचं पत्र डाव्या हाताने, वेडंवाकडं, आता मी कोणाच्या कामाचा नाही असा सूर. दोन्हींच्या अक्षरांचे फोटो तुम्ही शेजारी शेजारी ठेवून पाठवलेत आणि काहीच लिहिलं नाहीत, ते बरं केलंत.

तो हीरो म्हणून डोक्यावर घेऊ नकोस हेही तुम्हीच बजावलंत, 1799 मध्ये नेपल्सला त्याने काराचोलोला, तिथल्या बंडात सामील झालेल्या ॲडमिरलला, चौकशीच्या दिवशीच फाशी दिली ती सोडून पुढे जाऊ नकोस म्हणून. पण वारा वाढला की मला अजूनही बोट लागते असं तो 1804 मध्ये, इतकी वर्षं समुद्रावर काढून, कबूल करतो, ते वाचून तुम्हाला झालेला आनंद मात्र माझ्या लक्षात आहे. का ते विचारत नाही!

शेवटचं पत्र आपण फोनवर एकत्र वाचलं. 19 ऑक्टोबर 1805 ला सुरू केलेलं, दुसऱ्या दिवशी थोडं पुढे लिहिलेलं, आणि 21 ला ट्रॅफल्गरच्या लढाईत तो मारला गेल्यावर टेबलावर उघडंच सापडलेलं. तुमचा प्रश्न तिथेही लागू पडला, हे पोचवलं कोणी? त्याच्याच जहाजाच्या कॅप्टन हार्डीने. मिळाल्यावर त्याच कागदाच्या खाली एमाने स्वतःचं दुःख लिहिलं, म्हणजे तिचा आवाज उरला तो इथे.

आता मी फॅनीने त्याला लिहिलेली पत्रं घेतलीत, तीही बरीच टिकलीत. त्यातही प्रत्येक पत्र बोटीपर्यंत पोचलं कसं ते आधी बघतेय, आणि अडले की फोन तुम्हालाच. मनापासून थँक्यू, काका.

तुमची,
शंकाखोर पुतणी