पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारी माणसे

पोविस, वेल्स
१८ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
मीनलचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. समोरच्या डोंगरावर लागलेल्या वणव्याचे छायाचित्र मी पाठवले, ते पाहून आई घाबरली. तुम्ही मात्र नेमका प्रश्न विचारलात, की जिथे दूरवर मेंढ्यांशिवाय काही दिसत नाही तिथे बंब येतो कुठून आणि तो चालवतो कोण. फोनवर याचे धड उत्तर देता आले नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या भागाच्या दलाचे नाव ‘मध्य व पश्चिम वेल्स अग्निशमन व बचाव सेवा’ असे आहे. १९९६ च्या एप्रिलमध्ये इथल्या स्थानिक कारभाराची फेररचना झाली, तेव्हा वेल्समधली आठ जुनी दले मोडून तीन करण्यात आली आणि डिव्हेड, पोविस व वेस्ट ग्लॅमॉर्गन या तीन दलांचे मिळून हे एक दल झाले. त्याचे मुख्यालय कारमार्थनला आहे. क्षेत्र जवळजवळ १२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे वेल्सच्या निम्म्याहून बरेच अधिक. वस्ती मात्र सुमारे ९ लाख, आणि तीही मुख्यतः दक्षिणेला स्वान्झीच्या बाजूला एकवटलेली. एकट्या आमच्या पोविसचे क्षेत्र ५,००० चौरस किलोमीटरांहून जास्त असून माणसे जेमतेम १ लाख ३३ हजार आहेत. खर्चासाठी सहा स्थानिक कौन्सिले आपापला वाटा देतात आणि त्यांचेच नगरसेवक दलाच्या कारभारावर देखरेख ठेवतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. एवढ्या मुलखात पन्नासहून अधिक अग्निशमन केंद्रे आहेत, पण दिवसरात्र पगारी जवान बसलेले असतात ती थोडीच, स्वान्झीसारख्या मोठ्या वस्तीतली. बाकीची केंद्रे एरवी कुलूपबंद असतात. आमच्या गावचे केंद्र म्हणजे एक गाडी मावेल एवढी शेड, मागे सरावासाठी एक मनोरा आणि आत भिंतीला ओळीने टांगलेले अंगरखे. त्यांच्याखाली बूट असतात आणि बुटांवर विजारी अशा गुंडाळून ठेवलेल्या असतात, की पाय आत घालून वर ओढले की माणूस तयार. हे बूट ज्यांचे आहेत ती माणसे त्या वेळी दुसरीकडेच कामावर असतात: कोणी सुतार, कोणी शाळेतला मदतनीस, कोणी शेतकरी. अशा ‘ऑन-कॉल’ जवानाची मुख्य अट अशी, की वर्दी, म्हणजे आगीची वा अपघाताची खबर, आल्यापासून साधारण पाच मिनिटांत त्याने केंद्रावर पोहोचले पाहिजे. म्हणजे त्याचे घर किंवा कामाची जागा, निदान दोन्हींपैकी एक, तेवढ्या टप्प्यात असावी लागते.

मी हिशेब सांभाळते त्या शेती-यंत्रांच्या दुकानामागे कार्यशाळा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथले दोन मेकॅनिक कमरेला ‘अलर्टर’ नावाचे छोटे यंत्र लावून काम करतात. अलीकडेच एक शेतकरी गवताचे गठ्ठे बांधण्याच्या यंत्राची तक्रार सांगत होता आणि त्यांच्यापैकी एक जण वाकून त्याची साखळी पाहत होता. अलर्टर वाजला. त्याने पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले आणि तो एक शब्द न बोलता पळत सुटला; दुसरा आधीच दाराबाहेर होता. शेतकऱ्याला त्यात काहीच वावगे वाटले नाही. त्याने उघड्या यंत्रावर स्वतःच ताडपत्री ओढली आणि उद्या येतो असे सांगून तो निघून गेला. केंद्राकडे जाताना या लोकांना आपल्या खासगी गाडीवर निळा दिवा लावता येत नाही आणि वेगमर्यादाही मोडता येत नाही, ही गोष्ट मला मोठी विशेष वाटते. कायद्याने दिलेली मोकळीक बंबात बसल्यावरच सुरू होते.

बंब बाहेर काढायला साधारणपणे किमान चार जण लागतात, आणि त्यांत एक चालक, एक नेतृत्व करणारा व श्वसनयंत्र चालवणारे दोघे असे जुळून यावे लागते. म्हणून प्रत्येक जण आपण आज कधी हजर आहोत आणि कधी नाही, याची नोंद आधीच करून ठेवतो. तुम्ही नोकरीत असताना रात्रपाळीचे कोष्टक स्वयंपाकघराच्या दारामागे लावत होता, तसेच कोष्टक इथे फोनवर असते, एवढाच फरक. ज्या तासांना नाव नोंदवले आहे, त्या तासांत दारू घ्यायची नाही आणि गावची हद्दही सोडायची नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची असते. या सगळ्याचे वर्षाकाठी ठरावीक मानधन आणि प्रत्येक वर्दीमागे वेगळे पैसे मिळतात, पण त्यावर घर चालत नाही. वर्षभरात मोजक्याच वर्द्या येणाऱ्या गावात पूर्णवेळ पगारी पथक ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणार नाही, तेव्हा ही पद्धत नाइलाजातून आली आहे हे उघड आहे. तरीही ती इतकी वर्षे टिकली ती माणसांच्या शब्दावर, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

शहरातल्या आगीत पाण्याचा प्रश्न रस्त्याकडेच्या नळखांबामुळे (हायड्रंटमुळे) बराचसा सुटलेला असतो. इथे एखादे शेत-घर मुख्य रस्त्यापासून कित्येक वळणे आत असते, दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडे असतात आणि समोरून ट्रॅक्टर आला तर कोणी तरी मागे जावेच लागते. बंबात साधारण १,८०० लिटर पाणी असते, जे मोठी फवारणी सुरू केली की काही मिनिटांत संपते. त्यानंतर ओढा, तळे किंवा शेतकऱ्याची टाकी शोधून तिथे हातांनी उचलून नेण्याजोगा पंप बसवावा लागतो, नाहीतर लांबच्या केंद्रावरून पाण्याचा टँकर मागवावा लागतो. त्यामुळे पथकाचे नेतृत्व करणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘आग किती’ हा नसतो, ‘पाणी कुठे’ हा असतो. दुसरी अडचण पत्त्याची. ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर केलेला फोन आमच्या भागासाठी दूर दक्षिणेला ब्रिजेंड येथे घेतला जातो, जिथे मध्य-पश्चिम आणि दक्षिण वेल्स या दोन्ही दलांचा एकत्रित नियंत्रण कक्ष आहे. एकाच नावाची अनेक शेते या मुलखात सापडतात, तेव्हा फोन घेणाऱ्या माणसाला नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. त्यासाठी ‘व्हॉट-थ्री-वर्ड्स’ नावाची सोय हल्ली वापरतात. तीत सगळ्या जगाचे तीन मीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाला तीन शब्दांचे नाव दिलेले आहे.

शेतावरच्या वर्द्यांबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण ‘बचाव’ हा शब्द दलाच्या नावात का आहे ते त्यावरून कळते. ओलसर राहिलेले गवत बांधून गोठ्याच्या माळ्यावर रचले, तर त्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे गंजी आतून तापू लागते आणि पुढे रासायनिक क्रिया सुरू होऊन काही आठवड्यांनी ती आपोआप पेटू शकते. म्हणून जाणते शेतकरी लांब लोखंडी गज आत खुपसून उष्णता पाहतात. अशी आग लागली की वरून पाणी मारून भागत नाही. गठ्ठे एकेक करून बाहेर ओढावे लागतात, आणि गठ्ठा उघडला की हवा मिळून तो भडकतो. हे काम दिवसभर, कधी त्याहूनही जास्त चालते. कधी कधी आजूबाजूच्या इमारती वाचवून गंजी नियंत्रणाखाली जळू देण्याचा निर्णय घेतला जातो, कारण काळे पाणी ओढ्यात वाहून गेले तर मासे मरतात. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला तो निर्णय विचित्र वाटला होता. आता नदीकाठच्या लोकांशी बोलल्यावर तो योग्यच वाटतो.

त्याहून वाईट म्हणजे शेण आणि मुताचा द्रव साठवण्याचा खड्डा. तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. कमी प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि माणसाला धोका गेला असे वाटते. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. दलाचे जवान श्वसनयंत्र लावल्याखेरीज अशा ठिकाणी पाऊल टाकत नाहीत. गाय पडली असेल तर खास प्रशिक्षण घेतलेले पथक येते, तिच्या पोटाखालून रुंद पट्टे घालते आणि शेतकऱ्याच्याच यंत्राने तिला वर उचलते. गायीसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. दल आले नाही तर मालक स्वतः उतरेल, हे सर्वांना माहीत असते.

रस्त्यावरचे अपघात हेही दलाचे काम आहे. २००४ च्या कायद्याने ते त्यांचे कर्तव्यच ठरले, आणि उन्हाळ्यात मोटरसायकलवाल्यांची गर्दी झाली की पत्रा कापण्याची यंत्रे बरीच वापरात येतात. पुराचे काम वेल्समध्ये २०१७ पासून त्यांच्या कायदेशीर जबाबदारीत आले. पश्चिम टोकाला मिलफर्ड हेवन बंदरात तेल आणि द्रवरूप वायूचे मोठे साठे असल्यामुळे तिकडच्या जवानांना वेगळ्याच प्रकारची तयारी ठेवावी लागते. १९८३ च्या ऑगस्टमध्ये तिथे कच्च्या तेलाची एक प्रचंड टाकी पेटली होती आणि तळाशी साचलेल्या पाण्याची वाफ होऊन जळते तेल बाहेर उसळले होते. तेव्हा हे दल अस्तित्वात नव्हते, डिव्हेडचे होते.

छायाचित्रातल्या वणव्याविषयी सांगायचे राहिले. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचा कोरडा वारा सुटतो आणि गेल्या वर्षीचे पिवळे गवत उभे वाळलेले असते. शेतकऱ्याला गवत-झुडुपे जाळायची असतील तर डोंगराळ भागात १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि इतरत्र १ नोव्हेंबर ते १५ मार्च एवढीच मुभा आहे; शिवाय आधी आराखडा करावा लागतो, शेजाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि सूर्यास्तानंतर पेटवता येत नाही. तेव्हा एप्रिलमध्ये लागलेली ही आग कोणी लावली असेल तर ती बहुधा बेकायदाच होती. बंब डोंगरावर चढत नाही. जवान लांब दांड्याला रबराची जाड फळी लावलेली झोडपणी खांद्यावर घेऊन चालत वर जातात आणि आगीची कड ठोकत ठोकत विझवतात. मोठी आग असली तर हेलिकॉप्टर जवळच्या तलावातून पाणी उचलून आणते. आमच्या दोघा मेकॅनिकांपैकी एक जण त्या रात्री वर होता. सकाळी तो भुवया करपलेल्या अवस्थेत कामावर आला आणि त्याने आधी त्या शेतकऱ्याचे यंत्र दुरुस्त करून दिले.

आईला सांगा, की आमच्या घरी दलाची माणसे विनामूल्य येऊन धुराचा इशारा देणारी यंत्रे तपासून गेली आहेत आणि लाकडाच्या शेगडीची धुराडी वर्षातून एकदा साफ करून घ्या, असे बजावून गेली आहेत. नव्याने बांधलेल्या प्रत्येक घरात पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवणे वेल्सने २०१६ च्या जानेवारीपासून सक्तीचे केले आहे. बांधकाम करणारे खर्चाबद्दल कुरकुरतात, पण जिथे बंब पोहोचायला वीस मिनिटे सहज लागू शकतात तिथे या नियमाइतका शहाणा नियम दुसरा नाही, असे मला वाटते.

खरी काळजी आहे ती माणसांची. तरुण कामासाठी दूरच्या शहरांत जातात, गावातली घरे सुट्टीपुरती येणारे लोक विकत घेतात, आणि दिवसा, जेव्हा सगळे कामावर असतात तेव्हा, चार जणांचे गणित जुळत नाही. ते जुळले नाही की बंब शेडमध्ये उभा असूनही बंदच समजला जातो आणि वर्दी पुढच्या गावाला जाते. केंद्राबाहेर भरतीचा फलक कायम लावलेला असतो. मालकाने कामावरून सोडले नाही तर माणूस जवान होऊच शकत नाही, म्हणून आमच्या मालकाने गेल्या महिन्यात आणखी एकाला परवानगी दिली, तेव्हा गावात त्याची चांगली चर्चा झाली. आमच्या सुट्या भागांच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीने अर्ज भरला आहे.

तुम्ही विचारण्याआधीच सांगते, मी भरलेला नाही. दुपारी मुलांना शाळेतून आणणारे माझ्याशिवाय कोणी नाही, आणि शाळेच्या दारात उभी असताना अलर्टर वाजला तर मी कुठे जाणार, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

तुम्ही जुलैत येणार आहात, तेव्हा सरावाच्या संध्याकाळी केंद्र पाहायला घेऊन या, असे त्या मेकॅनिकने स्वतःहून सांगितले आहे. पंपाविषयीचे तुमचे प्रश्न लिहून ठेवा. त्यांची उत्तरे तो माझ्यापेक्षा नक्कीच नीट देईल.

आईस नमस्कार. मुलांचा तुम्हा दोघांस नमस्कार.

तुमची,
मीनल