कार्ड काढ, पत्रिका थांबवू नकोस

पुणे

प्रिय संजू,

बिघडलेल्या स्क्रीनचा फोटो मिळाला. ऐन लग्नसराईत तुझ्या डीटीपीच्या मशीनने दगा द्यावा, काय म्हणावं! ‘ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र आणणारं) गेलं, नवीनच मशीन घ्या’ असं दुकानदार म्हणाला, त्यात नवल नाही. जुनं दुरुस्त करून त्याला काय सुटणार? पण जुनं विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (त्याची यूएसबीसारखी किल्ली) हे बिऱ्हाड नव्या मशीनवर हलवणं किती जिवावर येतं, ते तुलाच ठाऊक.

तुझ्या फोटोतच अर्धं निदान आहे. त्या हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा विंडोज यायच्या आधी, बायोसच्या म्हणजे मशीन चालू होताच येणाऱ्या पहिल्या स्क्रीनवरच दिसतायत. तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लोडच झालेला नसतो. त्यामुळे ड्रायव्हर काढ-घाल करणं आता बंद कर. बायोस स्वच्छ दिसून डेस्कटॉपवर आल्यावर गडबड झाली असती, तर गोष्ट वेगळी.

आधी मॉनिटरवरचा संशय फेड. त्याचा स्वतःचा ब्राइटनेसचा मेनू उघड. रेघा मेनूच्या अंगावरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ असेल तर केबल बदलून बघ, आणि मग कार्डाकडे वळ.

हे कार्ड चिरंजीवांच्या गेमसाठी टाकलं होतंस ना? पत्रिका लावायला त्याची काडीची गरज नाही. कॅबिनेटच्या मागे, कीबोर्डच्या पिनेजवळ एक निळं पोर्ट असेल, बहुधा प्लास्टिकची टोपी घातलेलं. ते मदरबोर्डचं स्वतःचं, मॉनिटर लावायचं व्हीजीए पोर्ट. मशीन बंद कर, वायर भिंतीतून काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. कार्डाचा स्क्रू आणि पॉवरची पिन काढलीस की लगेच ओढू नकोस. स्लॉटच्या आतल्या टोकाला छोटी खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. जोर लावशील तर स्लॉटच उखडेल. मग मॉनिटर निळ्या पोर्टला लावून मशीन चालू कर. डिस्प्ले आला नाही तर पुन्हा बंद करून, वायर काढून बोर्डावरचा रुपयाएवढा सेल काही मिनिटं काढून परत बसव, बायोसची सेटिंग मूळपदावर येईल. नंतर तारीख मात्र नीट कर.

इथे चित्र स्वच्छ आलं की काम सुरू कर. कार्डाचं पोस्टमॉर्टम सवडीने.

त्यात काय बघायचं? सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील तर खोडरबर हलकेच फिरव आणि चुरा ब्रशने झटक. पंख्यामागच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला असेलच. उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर असतील तर त्यांची माथी बघ: सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेली असतील तर इथे पुण्यात तपकीर गल्लीत ते पार्ट किरकोळीत मिळतात, बदलून देईन. पॉवरचीही शहानिशा हवी. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५. म्हातारा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) रिकामा असताना १२ व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की मान टाकतो. ११.४ व्होल्टच्या खाली गेला तर गुन्हेगार तोच. मात्र एसएमपीएस स्वतः उघडू नकोस, बंद असतानाही आत शॉक बसेल इतका चार्ज राहतो.

कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा व्हिडिओ पाठवला आहेस, तो डिलीट कर. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, हे लोक २००वर भाजतात. दोष बहुतेकदा चिपच्या आतल्या जोडांत असतो. तापवल्याने काही दिवस जीव आल्यासारखं वाटतं, पुन्हा रेघा. शिवाय त्याच ओव्हनमध्ये वहिनींची नानकटाई होते.

पुढच्या शनिवारी सांगलीला येतोय. मल्टीमीटर आणि माझ्याकडचं एक चालू कार्ड आणतो. ते तुझ्या मशीनमध्ये लावलं की तुझं कार्ड मेलंय की एसएमपीएस, याचा निकाल लागेल. तोवर निळ्या पोर्टवर काय दिसतंय त्याचा फोटो पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या