चित्रकाराला आधी बोलवा

संपादक महोदय,

मराठीत मुलांसाठी चित्रमय पुस्तके निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ती घडवण्याच्या रीतीबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

अनेकदा गोष्ट लिहून, अक्षरजुळणीही उरकून, उरलेल्या जागेत चित्रे काढायला सांगितले जाते. मग ‘चिमीने लाल फ्रॉक घातला होता’ हे वाक्य आणि शेजारी तोच लाल फ्रॉक, अशी पुनरुक्ती होते. चित्रकार कच्च्या आराखड्यापासून सोबत असेल, तर असे वाक्य सरळ गाळता येते आणि पान उलटल्यावर मुलाला काय दिसावे, हेही लेखक आणि चित्रकार दोघांना मिळून ठरवता येते.

छपाईच्या कागदाला घड्या घालून ८ किंवा १६ पानांचा फर्मा होतो, म्हणून अशी पुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. हा हिशेब आधी न केल्यास शेवटची पाने जाहिरातींनी भरावी लागतात (आणि भरली जातातही!). पडद्यावरचा झगझगीत हिरवा रंग चार शाईंच्या छपाईत मलूल उतरतो, त्यामुळे रंगीत प्रूफ (छपाईआधी काढलेला नमुना) चित्रकाराने पाहिल्याशिवाय छपाईला मंजुरी देऊ नये. गडद चित्रावर बारीक पांढरी अक्षरे तर टाळावीतच. शाई किंचित सरकली तरी अनुस्वार बुजतो आणि नुकते वाचू लागलेले मूल तिथेच अडते.

चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने छापावे आणि पुनर्मुद्रणाच्या मानधनातील त्याचा वाटा करारात नोंदवावा, अशी प्रकाशकांना विनंती आहे.

आपली,
एक वाचक, पुणे