इनामगावच्या घरांखाली

प्रिय ओंकार,

तू पाठवलेला तो पिरॅमिड आणि एलियनवाला व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला रे. पण गूढच हवं असेल तर इतक्या लांब कशाला जायचं, आपल्याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी असे मोठे पुरातत्त्वज्ञ होते त्यात. इ.स.पू. १६०० ते ७०० म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं लोक तिथे नांदत होते, जव पिकवायचे, गुरं पाळायचे, नदीचं पाणी पाट काढून शेताकडे न्यायचे.

मला त्यातलं सगळ्यात आत लागलं ते त्यांचं माणसांना पुरणं. लहान मूल गेलं की दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावायचे, आत बाळ, आणि ते आडवे ठेवायचे घराच्याच जमिनीखाली खड्ड्यात. सोबत वाडगा, तोटीचं भांडं. म्हणजे वर चूल पेटतेय, माणसं जेवतायत, झोपतायत आणि खाली त्यांचं लेकरू. पुरातत्त्ववाले काय म्हणायचं ते म्हणोत पण मी आई आहे, मला वाटतं त्या बाईला पोर गावाबाहेर एकटं ठेववलंच नसणार.

मोठ्या माणसांनाही घरातच पुरायचे, पण उताणं निजवून, डोकं उत्तरेला, आणि पाय घोट्यापासून तोडलेले! गेलेला माणूस उठून कुठे जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही म्हणतात भुताची भीती. मला तर भीती आणि माया दोन्ही एकत्रच असावी असं वाटतं, कारण भीतीच असती तर पुरलं असतं लांब कुठेतरी, घरात कशाला?

आणि देवी बघ. एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची डबी मिळाली, आत बाईची मूर्ती, तिला डोकंच नाही. डबीवर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक, काडी घातली की देवी बैलावर बरोब्बर बसते. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे हाताने जुळवून बघितलं असेल ना! मुलाबाळांना जपणारी देवी असावी असं मानतात, आणि पोरं अशी दगावत असताना ते मला पटतं.

एक कोडं मात्र सुटत नाही. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला, त्यात मांडी घालून बसवलेला माणूस, आणि याचे पाय शाबूत. कुणी मुखिया होता म्हणतात. मग मुखियाला जायची मुभा का होती, की तो जाणारच नाही अशी खात्री होती? तुला काय वाटतं ते लिही, फोनवर नको, नीट लिहून पाठव. दिवाळीला आलास की डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघून येऊ.

तुझी,
आई